मक्तबातला टॅब: ९ महिन्यांनंतर

यावल तालुक्यातल्या आमच्या मक्तबात, म्हणजे मुलांच्या धार्मिक वर्गात, असरनंतर (दुपारनंतरची नमाज) मग्रिबपर्यंत (सूर्यास्ताची नमाज) २३ मुलं बसतात. बहुतेक तडवी (मुस्लिम भिल्ल) घरांतली, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत जाणारी. सिपारा (कुराणाचा भाग) अरबीत वाचतात, पण अखलाकचं, म्हणजे चांगल्या वागणुकीचं, पुस्तक उर्दूत, ते डोक्यावरून जायचं. म्हणून ४,५०० रुपयांत जुना टॅब घेतला, सोबत लहान स्पीकर.

सुरुवातीला एक मोफत अ‍ॅप वापरलं. चांगलं काम केलं की खूण करायची, स्टार मिळतो, वर नावांची क्रमवारी. पहिल्याच महिन्यात हजेरी वाढली, मी खूश. मग एक दिवस सातवीतला मुलगा विचारतो, "आपा, आजीला पाणी दिलं तर किती स्टार?" त्या रात्री झोप लागली नाही. सहीह बुखारी या हदीससंग्रहातली पहिलीच हदीस (पैगंबरांचं वचन) सांगते की कर्माचं मोल नियतवर, म्हणजे मनातल्या हेतूवर ठरतं, आणि मी मुलांना रिया, म्हणजे दिखावा शिकवत होते. डीएडला वाचलेलं आठवलं: १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या प्रयोगात ज्या लहान मुलांना चित्रांसाठी आधीच बक्षीस कबूल केलं होतं, ती पुढे आपणहून कमी चित्रं काढू लागली.

अ‍ॅप काढून टाकलं. सात-आठ मुलं यायचीच बंद झाली, हे लपवत नाही.

खरा उपयोग झाला तो रेकॉर्डिंगचा. तहानलेल्या कुत्र्याला चामडी मोज्यात विहिरीचं पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस मुलांनी आपल्या घरच्या बोलीत, आपल्याच आवाजात भरली. केळीच्या बागेतून दमून आलेल्या आया ती फोनवर ऐकतात. पैगंबरांचं चित्रण आपल्याकडे नकोच, त्यामुळे कार्टूनपेक्षा नुसता आवाज मला जास्त सोयीचा वाटला.

कुराणातल्या सूरह हुजुरातची ११वी आयत, एकमेकांची टर उडवू नका, वाईट नावं ठेवू नका, मराठीत ऐकवली तेव्हा एकाने हळूच विचारलं, "मग लंगड्या पण म्हणायचं नाही?" ज्याला म्हणायचे तो शेजारीच बसलेला. टॅब बाजूला ठेवला आणि मग्रिबची अजान होईपर्यंत त्यावरच बोललो. त्यानंतर ते नाव मक्तबात तरी माझ्या कानावर आलेलं नाही.

घेणार असाल तर सगळं आधी उतरवून ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज टिकत नाही, आणि ऑनलाइन लावलं तर दुआच्या मधेच जाहिरात येते. दहा मिनिटांपुढे ऐकवू नका, पोरं चुळबुळतात.

गळालेल्यांपैकी पाच जण परत आलेत. आता भांडण लागतं ते पुढची गोष्ट कोणी सांगायची यावरून.