रिटेल रीट घेताय? फुटफॉल सोडा, भाडेकरार विचारा

मॉलचे युनिट घ्या आणि दुकानांच्या भाड्यातून घरबसल्या पैसे मिळवा, एवढीच जाहिरात असते ह्या रिटेल रीटची (रीट म्हणजे इमारती घेऊन त्यांचं भाडं युनिटवाल्यांना वाटणारा ट्रस्ट, युनिट म्हणजे त्यातला आपला हिस्सा), आणि खरं सांगायचं तर तेवढं काम चोख होतं. गाळा शोधा, भाडेकरूच्या मागे लागा यातलं काही नाही, लिस्टेड युनिट शेअरसारखे विकता येतात, अमेरिकेत तर करपात्र उत्पन्नातले निदान ९० टक्के वाटावेच लागतात असा नियम आहे. याचे पूर्ण मार्क.

घोळ आहे रिपोर्टमध्ये. माझ्याकडे ज्या रीटचे युनिट आहेत (नाव राहू दे) तिचा तिमाही रिपोर्ट उघडला की ऑक्युपन्सी (किती गाळे भरलेत), फुटफॉल (किती लोक येऊन गेले) आणि गर्दीचे छान छान फोटो. अहो पण नुसती गर्दी घेऊन काय करू, बऱ्याच करारांत ठरलेल्या भाड्यावर विक्रीचा टक्का असतो, आता गिऱ्हाईक दुकानात येतं, ड्रेस घालून बघतं आणि घरी जाऊन मोबाईलवर मागवतं, ती विक्री त्या दुकानाच्या नावावर धरणार का? आणि तोच ड्रेस परत द्यायला दुकानात आलं तर रिफंड मात्र दुकानाच्या विक्रीतून वजा होऊ शकतो. म्हणजे ट्रायल रूम गाळ्याची, परत आलेल्या मालाचे खोके ठेवायची जागा गाळ्याची आणि भाडं उलट कमी! करारात हे कसं लिहिलंय यावर सगळं अवलंबून, रिपोर्टमध्ये एक ओळ नाही. मेल करून विचारलं तर उत्तर आलं की ऑम्निचॅनेलचा (म्हणजे दुकान आणि ऑनलाइन मिळून विक्रीचा) फायदा सर्वांनाच होतो. बरं बाबा.

दुसरं म्हणजे अँकर, ज्याच्यामुळे मॉलला गिऱ्हाईक येतं ते मोठं दुकान. ते गेलं की छोट्यांना भाडं कमी करून घ्यायचा नाहीतर निघून जायचा हक्क पुष्कळदा करारातच असतो, मग रांगच लागते. अमेरिकेतले असे मोठे दुकानवाले, खेळण्यांचं टॉइज आर अस २०१७ ला, सीअर्स २०१८ ला दिवाळखोरीत गेले आणि २०२० मध्ये ब्रिटनमधली मॉलवाली इंटू कोसळली, अर्थात तिच्या डोक्यावर कर्जही प्रचंड होतं, सगळं खापर ऑनलाइनवर नको.

"चाललं नाही तर मॉलचं गोडाऊन करू" हे ब्रोकर मंडळींचं लाडकं वाक्य. कसं करणार? रोबोटवाल्या गोडाऊनला उंच छत लागतं, खांब लांब अंतरावर, फरशी सपाट आणि दणकट, वीज भरपूर, ट्रक वळायला जागा, मॉलमध्ये यातलं पार्किंगचं मैदान सोडलं तर फारसं काही हाताला लागत नाही. ओहायोतला रँडल पार्क मॉल १९७६ चा, तेव्हा जगातल्या मोठ्यात मोठ्या मॉलपैकी एक, तो शेवटी पाडला आणि त्या जागेवर अ‍ॅमेझॉनचं गोडाऊन २०१८ ला सुरू झालं. भाव जमिनीला आला, इमारतीला नाही, त्यामुळे जमीन मालकीची आहे की लीजवर हे आधी बघा.

कॅशियर नसलेल्या दुकानांचं एवढं टेन्शन घेऊ नका, अ‍ॅमेझॉन गो २०१८ ला थाटात उघडलं पण २०२४ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या फ्रेश या किराणा दुकानांतून ते तंत्र काढायचं त्यांनीच ठरवलं.

पाचपैकी तीन स्टार. ज्यात सलून, दवाखाना, जिम असे भाडेकरू जास्त ती रीट मला बरी वाटते, केस काही ऑनलाइन कापून मिळत नाहीत. नुसती कपडे-बुटांची असेल तर टक्केवारीचं भाडं किती आणि रिटर्न कुठे धरतात हे लेखी विचारा, टाळाटाळ झाली तर घेऊ नका. माझे आहेत ते सध्या विकत नाहीये, नवीन मात्र घेणार नाही.