गुडघ्यातल्या सुया: आषाढापासून शिमग्यापर्यंतचा अनुभव

दोन्ही गुडघ्यांच्या दुखण्यासाठी गेल्या आषाढापासून मी ॲक्युपंक्चर, म्हणजे अंगावरच्या ठराविक बिंदूंवर बारीक सुया टोचायचा चिनी उपचार, घेते आहे. आता शिमगाही होऊन गेला. गोव्यात आमच्या फोंड्यात बाजारात भेटणाऱ्या, देवळात भेटणाऱ्या सगळ्याजणी एकच विचारतात, "बाई, त्या सुयांनी खरंच काही होतं का हो?" रस्त्यात उभ्या उभ्या याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. दुखणं कमी होतं. झीज भरून येत नाही. या दोन वाक्यांच्या मधे बरंच काही आहे.

माझी तक्रार जुनीच, शाळेत उभं राहून शिकवण्यात हयात गेलेल्यांची असते ती. एक्स-रेत गुडघ्याच्या आतल्या बाजूची फट कमी झालेली दिसते. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, झीज मध्यम आहे, ऑपरेशनची वेळ आलेली नाही, वजन उतरवा, मांडीचे स्नायू बळकट करा, फारच दुखलं तर गोळी घ्या. गोळ्यांनी पित्त खवळायचं आणि रक्तदाबही वर जायचा, म्हणून त्या रोज घेणं शक्य नव्हतं. सगळ्यात जास्त जीवावर आलं ते मांडी घालून बसणं सुटलं त्याचं. आमच्या महिला भजनी मंडळात पेटी माझ्याकडे असते. पेटीपुढे बसले की दुसऱ्या अभंगालाच गुडघ्यात कळ यायची, आणि उठताना दोघींनी हात द्यावा लागायचा. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगतात त्या चौकटीखाली, बसून पत्री वेगळी करायची, नेवऱ्या (करंज्या) भरायच्या, सगळं जमिनीवरचं काम. खुर्चीवर बसून हे होत नाही.

मी ज्यांच्याकडे जाते ते एमबीबीएस डॉक्टर आहेत आणि ॲक्युपंक्चर वेगळं शिकलेले आहेत. पहिल्याच भेटीत त्यांनी एक्स-रे मागून घेतला, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पेसमेकर आहे का, साखर किती, हे विचारलं, आणि मगच पलंगावर झोपवलं. हे मुद्दाम सांगते आहे. जिथे काही न विचारता थेट सुया काढतात, तिथून उठून यावं.

सुई बघितली की भीती निम्मी उतरते. इंजेक्शनच्या सुईसारखी ती पोकळ नसते. भरीव, स्टीलची, साधारण पाव मिलिमीटर जाडीची, मुठीपाशी बारीक तार गुंडाळलेली. प्लॅस्टिकच्या नळीतून वर टिचकी मारली की आत जाते, आणि टोचल्याचं जेमतेम कळतं. खरी जाणीव नंतर होते. डॉक्टर सुई चिमटीत धरून किंचित फिरवतात, आणि आत खोलवर एक जड, बोथट ठणका पसरतो, काही वेळा पार घोट्यापर्यंत. चिनी पद्धतीत याला दे-ची म्हणतात आणि तो आल्याशिवाय सुई लागली असं मानत नाहीत. गुडघ्याच्या वाटीच्या खाली दोन्ही बाजूंना खळगे असतात, तिथे एकेक सुई. वाटीच्या वर मांडीत दोन. नडगीच्या बाहेरच्या अंगाला, वाटीखाली चार बोटं सोडून, स्टमक ३६ नावाचा बिंदू, तिथे एक. माप पेशंटच्याच बोटांनी घेतात, त्यामुळे प्रत्येकीचं अंतर वेगळं. मग वीस-पंचवीस मिनिटं तसंच पडून राहायचं.

सुरुवातीला नुसत्या हातानेच सुया फिरवायचे. दोन-तीन आठवडे फारसा फरक नव्हता. सुया काढल्यावर पाय हलका वाटायचा आणि संध्याकाळी परत पहिल्यासारखा. त्यानंतर डॉक्टरांनी मशीन जोडलं, म्हणजे इलेक्ट्रोॲक्युपंक्चर. दोन सुयांना बारीक क्लिपा लावायच्या आणि त्यातून अगदी सौम्य वीज सोडायची. सेकंदाला दोनदा अशा संथ गतीवर ठेवलं की मांडीचा स्नायू टक टक उडताना डोळ्यांना दिसतो. शंभरच्या गतीवर उडणं थांबतं, नुसती झिणझिणी राहते. बीजिंगचे संशोधक हान जीशेंग यांचं आयुष्यभराचं काम या गतींवरच आहे. संथ गतीला शरीर एन्डॉर्फिन-एन्केफॅलिनसारखी वेदनाशामक द्रव्यं जास्त सोडतं आणि जलद गतीला डायनॉर्फिन, असं त्यांनी दाखवलं. म्हणून माझ्या मशीनवर दोन्ही गती आलटून पालटून चालतात. याचा गुण मला हातापेक्षा स्पष्ट जाणवला. सकाळी उठल्यावर पाय आखडलेला असायचा तो लवकर सुटू लागला, आणि गणपतीच्या दिवसांत घुमटाच्या (मातीच्या वाद्याच्या) तालावरची आरती संपेपर्यंत मी उभी राहू शकले.

हे माझ्यापुरतं झालं. एका बाईच्या गुडघ्यावरून उपचाराची परीक्षा होत नाही, म्हणून मुलीला सांगून मोठ्या चाचण्या शोधून घेतल्या आणि वाचल्या. वाचून आधी मन खट्टू झालं, मग विचारात पडले. जर्मनीत हजारावर गुडघेदुखीच्या रुग्णांवर झालेली एक चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ५३ टक्क्यांना गुण आला. बिंदू सोडून भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ५१ टक्क्यांना. आणि गोळ्या-व्यायाम वगैरे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी फक्त २९ टक्क्यांना. म्हणजे सुया टोचून घेतलेल्यांना बाकीच्यांहून पुष्कळ बरं वाटलं, पण सुई नेमकी कुठे टोचली याने जवळजवळ फरक पडला नाही. बिंदूंच्या नकाशावर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना याचं उत्तर द्यावंच लागेल.

मी यातून असं समजले की सुईच्या मागे बरंच काही काम करत असतं: शांत पडून राहणं, डॉक्टरांनी वेळ देऊन गुडघा चाचपणं, बरं वाटेल ही अपेक्षा, आणि कातडीत कुठेही टोचल्यावर होणारा शरीराचा प्रतिसाद. पण सगळा मनाचाच खेळ आहे असंही ठरत नाही. ३९ चाचण्यांतल्या वीस हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये जो हिशेब मांडला गेला, त्यात खरी सुई खोट्या सुईपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी भलतीकडे किंवा नुसती वरवर लावलेल्या सुईपेक्षा, सरस ठरली. फरक लहान, पण होता. आणि मिळालेला आराम वर्षभरानंतरही बऱ्यापैकी टिकलेला दिसला. बीजिंगमध्ये ४८० गुडघेदुखीच्या रुग्णांवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला तीन असा भरगच्च क्रम ठेवला होता. तिथे मशीनवाल्या सुईने ६० टक्क्यांना, हाताच्या सुईने ५९ टक्क्यांना आणि खोट्या सुईने ४७ टक्क्यांना फरक पडला. हे वाचल्यावर मशीन आणि हात यांतला मला जाणवलेला फरक तेवढा मोठा नसावा असं वाटलं. कदाचित मशीन जोडलं तेव्हा पुरेशा सिटिंगही झाल्या होत्या.

हाच पुरावा समोर ठेवून जाणकारही एकमत करत नाहीत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी ॲक्युपंक्चरला अटी घालून होकार दिला. कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये झिजेच्या संधिवातासाठी ते देऊ नये असं सांगितलं. पण तीच संस्था २०२१ मध्ये, ठोस कारण सापडत नाही अशा जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करा म्हणाली होती. माझा कौल अमेरिकेच्या बाजूने पडतो, कारण माझ्यापुढे दुसरा पर्याय रोजच्या वेदनाशामक गोळीचा होता, आणि त्या गोळीचा त्रास मी भोगलेला आहे.

मॉक्साही घेऊन बघितला. दवण्याच्याच जातकुळीतल्या एका वनस्पतीचा वाळवलेला पाला विडीसारखा वळतात, पेटवतात आणि कातडीपासून थोड्या अंतरावर धरून बिंदू शेकतात. पावसाळ्यात, घरात ओल धरलेली असताना, तो शेक फार सुखाचा वाटतो. पण आराम तासाभराचा, आणि धुराने माझा खोकला उठायचा, म्हणून बंद केला. कानात चिकटवायच्या बारीक टिकल्या लावून पाहिल्या, गुडघ्याला त्यांचा काही उपयोग झाला नाही.

माझ्या वहिनीला मायग्रेन आहे, तीही माझ्याबरोबर यायला लागली. तिथला पुरावा गुडघ्यापेक्षा बरा आहे. चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात सुया घेतलेल्या शंभरातल्या ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली. नेहमीच्याच उपचारांवर राहिलेल्यांत हा आकडा १७ होता. वहिनीच्या झटक्यांमधलं अंतर वाढलं आहे, गोळी मात्र अजून पर्समध्ये असते.

यावरून कुणी मधुमेह, अर्धांगवायू, थायरॉइड सुयांनी मुळापासून घालवतो म्हणू लागला, तर मला त्याचा राग येतो. असे फलक मी पाहिले आहेत. ओळखीतल्या एकांनी अशाच एका ठिकाणच्या शब्दावर साखरेची गोळी बंद केली आणि पुढे त्यांना दवाखान्यात भरती करावं लागलं. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ॲक्युपंक्चरला उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली, महाराष्ट्रात तर त्यासाठी वेगळा कायदा आहे. त्या मान्यतेचा अर्थ वाटेल तो दावा करायची मुभा असा होत नाही. सुईचे धोकेही विसरता येत नाहीत. बहुतेक वेळा रक्ताचा एखादा थेंब, काळानिळा डाग किंवा थोडी चक्कर, इतकंच होतं. पण छातीवर किंवा खांद्यापाशी सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, आणि सुया नव्या नसल्या तर काविळीसारखा संसर्ग. आमचे डॉक्टर प्रत्येक वेळी सीलबंद पाकीट माझ्यासमोर फाडतात. काढलेल्या सुया मोजून डब्यात टाकतात.

सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये ज्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातले डॉ. बी. के. बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि ते भारतात घेऊन आले. कोटणीसांवरचा धडा शिकवताना ही जोड मला ठाऊक असती तर मुलांना नक्की सांगितली असती.

खर्चाचं सांगायचं तर एका सिटिंगचे सहाशे रुपये, मशीन लावलं तर वर शंभर. सुरुवातीला आठवड्याला दोन वेळा, त्यामुळे पेन्शनवर चांगलाच ताण आला. पैसे मोजायचे तर सहा ते आठ सिटिंगनंतर थांबून बघावं. जिने चढणं, झोप, मांडी घालणं, यातलं काहीच सुधारलं नसेल तर पुढे जाऊ नये. हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. दुसरी गोष्ट त्यांनी बजावली, "बाई, मी दुखणं खाली आणतो, त्या वेळात तुम्ही मांडीला ताकद आणा." झोपून पाय सरळ उचलणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, हे मी रोज करते. सुयांच्या आधीही हे व्यायाम सांगितलेले होते, पण दुखत असताना होतच नसत. मला वाटतं सुयांनी दिलेला सगळ्यात मोठा फायदा हाच, व्यायाम करता येण्याइतपत उसंत.

सध्या महिन्यातून एकदा जाते. गोळी क्वचितच लागते. देवळाच्या पायऱ्या कठडा धरून पण न थांबता चढते. उकिडवं बसणं जमत नाही आणि ते परत जमेल अशी आशा डॉक्टरांनी दाखवलेली नाही. पेटीपुढे मात्र खाली जाड उशी घेऊन एका बाजूला पाय दुमडून बसते, आणि भैरवीपर्यंत टिकते. पुढच्या पावसाळ्याआधी एक्स-रे परत काढायचा आहे, तेव्हा काही वेगळं दिसलं तर इथेच लिहीन.