हँडब्रेक आणि जेलीफिन : घरच्या व्हिडिओंसाठी आठ महिने वापरल्यावर

माळ्यावरच्या पेटीत ४१ मिनी डीव्ही कॅसेटी, ताईच्या १९९८ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी आणि जुन्या हँडीकॅमचं एक मेमरी कार्ड निघालं. हे सगळं टीव्हीवर एका जागी दिसावं, एवढंच हवं होतं. त्यासाठी फाइल आटोपशीर करायला हँडब्रेक घेतलं आणि त्या नावानिशी मांडून टीव्हीवर दाखवायला जेलीफिन. दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत.

हँडब्रेकबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. एका तासाची मिनी डीव्ही कॅसेट संगणकावर घेतली की साधारण १३ जीबी होते. एच.२६४ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत बदलल्यावर माझ्याकडे ती दीडेक जीबीवर आली. रात्री रांग लावायची आणि झोपायचं. खरी मेख आरएफ या दर्जा ठरवणाऱ्या आकड्यात आहे. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जुन्या ५७६ ओळींच्या चित्राला १८ ते २२ ठेवा, असं त्यांच्याच मार्गदर्शिकेत लिहिलंय. मी जागा वाचवायला पहिल्या सहा कॅसेटी २६ वर काढल्या. भाचीच्या बारशाला पाळण्यावर सोडलेली झेंडूची माळ म्हणजे नुसता केशरी लगदा! मूळ फाइल पुसल्या नव्हत्या म्हणून निभावलं. आता सगळं १८ वर.

दुसरी गोष्ट रेघांची. हँडीकॅमचं जुनं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन भागांत साठवलेलं असतं, त्यामुळे संगणकावर पळणाऱ्या पोराच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. फिल्टरमध्ये डीइंटरलेस (हे दात घालवणारी सोय) चालू करून ‘बॉब’ निवडलं की सेकंदाला २५ ऐवजी ५० चित्रं मिळतात आणि हालचाल गुळगुळीत होते. लेझीम बघायची असेल तर हे कराच. ग्राफिक्स कार्डावरचं कन्व्हर्टिंग झपाट्याने होतं, पण तेवढ्याच दर्जाला फाइल फुगते. मला घाई नव्हती.

व्हीसीडीला मात्र हँडब्रेक लावलं नाही. हँडब्रेक चित्र नव्याने एन्कोड केल्याशिवाय, म्हणजे पुन्हा दाबून साठवल्याशिवाय, सोडत नाही, आणि ३५२ बाय २८८च्या चित्रात आणखी गमावण्यासारखं उरलंय काय? एफएफएमपेग या आज्ञा टाइप करून चालवायच्या प्रोग्रॅमच्या एका ओळीत व्हीसीडीवरच्या डॅट फाइल जशाच्या तशा एमकेव्ही प्रकारच्या फाइलीत भरल्या. शूटिंगवाल्याने मंगलाष्टकांवर चढवलेलं सिनेमाचं गाणं आणि फिरते बदाम काढून टाकणारं सॉफ्टवेअर कुठे मिळत असेल तर कळवा.

जेलीफिनमध्ये पहिल्याच दिवशी फजिती झाली. लायब्ररीचा, म्हणजे व्हिडिओंच्या संग्रहाचा, प्रकार निवडताना मी ‘चित्रपट’ म्हटलं. त्याने इमानेइतबारे इंटरनेटवर शोधलं आणि ताईच्या लग्नाला कुठल्यातरी परदेशी सिनेमाचं पोस्टर लावून दिलं. भावजींनी ते पाहिलं, आणि अजून घरात तो विषय निघतो. घरच्या व्हिडिओंसाठी वेगळा प्रकार आहे, तोच घ्यावा. तिथे काहीही आपोआप येत नाही. सगळं हाताने भरायचं.

या हाताने भरण्यातच माझे आठांतले सहा महिने गेले. प्रत्येक व्हिडिओला माणसं जोडता येतात, नाव आणि भूमिका. सोय अर्थातच नट-नट्यांसाठी केलेली. मी तिथे ‘वराची आत्या’, ‘आचारी’, ‘रुसलेले व्याही’ असं लिहितो. मग एखाद्या नावावर दाबलं की ती व्यक्ती असलेले सगळे व्हिडिओ समोर. आईला टीव्हीपुढे बसवून नावं विचारतो. ‘अरे, ही बाळूकाकांची सून नव्हे, भाची. आणि बाळूकाका कुठले म्हणतोयस? पेणचे की मिरजेचे?’ एका तासाच्या कॅसेटला तीन तास लागतात. माहिती एनएफओ या छोट्या मजकुराच्या फाइलमध्ये व्हिडिओशेजारी साठवण्याचा पर्याय आहे, तो आधी चालू करा, म्हणजे जेलीफिन नव्याने टाकावं लागलं तरी ही मेहनत शाबूत राहते.

देवनागरी नावं छान दिसतात, पण शोधताना खोड्या निघतात. ‘कऱ्हाड’ शोधलं की निम्मेच व्हिडिओ यायचे. बराच वेळ डोकं खाजवल्यावर कळलं की हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसतो सारखा, संगणकाला मात्र ती दोन वेगळी अक्षरं. सगळी नावं एकदाच एका कळफलकावर पुन्हा लिहिली. अकारविल्हे लावल्यावर क्षमाआत्या शेवटी न जाता क मध्ये घुसते, त्याला मी हात टेकले.

तारखांचंही बघा. नव्या फाइलवर कन्व्हर्ट केल्याचा दिवस पडतो, त्यामुळे २००४ची मुंज यंदाच्या ऑगस्टात जाऊन बसली. आता फाइलचं नावच ‘२००४-०५-१६ मुंज’ असं सुरू करतो.

आमचा टीव्ही जुना, त्यावर एच.२६५ (एच.२६४ची जास्त जागा वाचवणारी पुढची पद्धत) चालत नाही. तसली फाइल दिली की जेलीफिन ती तिथल्या तिथे बदलून पाठवतं आणि सर्व्हर म्हणून ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. जागेची फार ओढ नसेल तर एच.२६४वर राहा.

नऊ कॅसेटी अजून बाकी आहेत. ‘कोण हे?’ असा एक टॅग केलाय, त्यात सध्या २३ व्हिडिओ जमलेत. आई त्यांच्यापुढे हरली. दिवाळीत बेळगावची मावशी येणार आहे, रिमोट तिच्या हातात देणार.