दहा जणांच्या चहाला थर्मास: पंपाचा की फिरकीच्या झाकणाचा?

दुपारी चारला आठ-दहा मैत्रिणी चहाला यायच्या असल्या की थर्मास लागतोच, नाहीतर घरचं माणूस ओट्यापाशीच अडकतं. दुकानात गेलं की पंपाचा पुढे केला जातो. वरून दाबलं की कपात धार. कोऱ्या चहाला आणि गरम पाण्याला तो उत्तम आहे. दुधाच्या चहाला मात्र घेऊ नये.

अडचण नळीची. ती तळापर्यंत जाते. चहावर साय धरते आणि चहा संपत आला की ती थेट नळीच्या तोंडाशी येते. धार बारीक होते, मग पंप नुसती हवा सोडतो. नळीच्या आतल्या वळणात ब्रश पोचत नाही. मुंबईच्या पावसाळ्यात तिथे राहिलेल्या दुधाला दुसऱ्याच दिवशी आंबूस वास येतो.

फिरकीच्या झाकणाचा, रुंद तोंडाचा, आतून ३०४ स्टीलचा (म्हणजे खाण्याच्या भांड्यांना वापरतात त्या न गंजणाऱ्या प्रतीचा) घ्यावा. काचेच्या बाटलीचा थर्मासही गरम ठेवतो, पण ओट्यावर जरा आपटला की संपला. माप दीड लिटर पुरे: १२० मिलीचे दहा कप म्हणजे १.२ लिटर. दोन लिटरचा अर्धवट भरला तर चहा लवकर निवतो.

आणल्या दिवशी उकळतं पाणी भरून दहा मिनिटांनी बाहेरून तळहात फिरवावा. गळ्यापाशी कोमट लागतंच, ते चालतं. पण पोटाला किंवा बुडाला गरम लागलं तर आतली निर्वात पोकळी गेलेली आहे, लगेच बदलून घ्यावा.

चहा असा: ७०० मिली पाण्यात किसलेलं आलं दोन-तीन मिनिटं खळखळून उकळावं. कच्चं आलं दुधात पडलं तर त्यातलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि चहा फाटतो. आधी उकळलं की ते निकामी होतं. मग २५ ग्रॅम चहापूड, म्हणजे साधारण दहा सपाट चमचे, आणि तीन मिनिटांनी ७०० मिली गरम दूध. दोन उकळ्या पुरेत. तोवर थर्मासात उकळतं पाणी भरून झाकण लावून पाच मिनिटं ठेवावं आणि ओतून टाकावं. गार स्टील पहिल्याच मिनिटात चहाची ऊब खातं.

चहा बारीक गाळण्यातून दोनदा गाळावा. आत राहिलेली पूड मुरत राहते आणि शेवटचे कप कडू होतात. साखर वेगळी ठेवावी, मधुमेह असलेलं कुणीतरी असतंच.

खोक्यावर बारा तास लिहिलेलं असतं, ते पाण्यापुरतं. दुधाचा चहा दीड तासाने काळपट होतो आणि त्याला शिळ्या दुधाचा वास येऊ लागतो. म्हणून साडेतीनला भरावा. इराण्याकडची खारी डब्यातच राहू द्यावी. दमट हवेत मांडून ठेवली तर चहा ओतेपर्यंत मऊ पडते.

पाहुणे गेल्यावर लगेच धुवावा. डाग धरलाच तर गरम पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून, झाकण उघडं ठेवून, अर्धा तास. तारेची घासणी नको. झाकणातली रबरी रिंग काढून वेगळी वाळवावी, वेलचीचा वास तिथेच बसतो. घेतानाच जादा रिंग मिळते का ते विचारावं. रिंग सैल झाली की वाफ निसटते आणि तासाभरात चहा कोमट.