पेटीवजा सोलर कुकर: वापरानंतरचे परीक्षण

चार डब्यांचा, आरसा लावलेल्या झाकणाचा पेटीवजा सोलर कुकर काही वर्षांपासून आमच्या गच्चीवर नियमित वापरात आहे. या घडणीचे कुकर बाजारात अनेक नावांनी मिळतात आणि त्यांच्यात फरक थोडाच असतो, त्यामुळे हे परीक्षण कोण्या एका कंपनीचे न मानता या घडणीचे मानावे.

काळा रंग दिलेला पत्र्याचा तळ, त्याभोवती काचलोकरीचे अस्तर, वर दुहेरी काच आणि तिच्यावर ऊन पाडणारा आरसा, एवढीच याची यंत्रणा आहे. काचेतून आत आलेले ऊन काळ्या तळात शोषले जाते, त्याची उष्णता काच सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही आणि कडक उन्हात आतले तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उकडण्या-शिजवण्याला ते पुरते. तळण्याला आणि पोळ्यांना मात्र पुरत नाही.

सकाळी साडेनऊच्या सुमारास डाळ, तांदूळ आणि बटाटे लावून ठेवले, तर जेवणाच्या वेळेपर्यंत सगळे शिजलेले असते; मधून मधून पेटी उन्हाकडे वळवावी लागते, तेवढेच काम. भाताला पाणी नेहमीपेक्षा कमी लागते. खाली ज्योत नसल्याने काहीही बुडाला लागत नाही. खरी कमाल शेंगदाण्यांची: एकाही दाण्यावर काळा डाग पडत नाही, साल नुसत्या चोळण्याने सुटते आणि कुटाला खमंग वास येतो. रवाही असाच छान भाजला जातो. फोडणी अर्थातच गॅसवर.

विक्रेते वर्षाला तीन-चार सिलिंडर वाचतील असे सांगतात, ते फारच उदार मनाने केलेले गणित वाटते. पावसाळ्याचे चार महिने आपल्याकडे हा कुकर बहुतेक झाकूनच ठेवावा लागतो, हिवाळ्यात ऊन तिरपे असल्याने वेळ वाढतो, आणि ज्या घरातून सकाळी आठला डबे बाहेर पडतात तिथे त्याचा उपयोग सुटीच्या दिवसापुरताच. तरीही खनिज तेल आणि नैसर्गिक वायूपासून मिळणारा, देशाला निम्म्याहून अधिक आयात करावा लागणारा गॅस निव्वळ डाळ उकडण्यात जाळायचा आणि त्याच वेळी गच्चीवरचे ऊन वाया जाऊ द्यायचे, हे मला पटत नाही. मोठ्या प्रमाणावर हेच ऊन काय करू शकते, ते शिर्डीच्या साई संस्थानाच्या प्रसादालयात दिसते: तिथे २००९ मध्ये ७३ मोठ्या अंतर्वक्र तबकड्या बसवून सूर्याच्या उष्णतेने तयार केलेल्या वाफेवर स्वयंपाक सुरू झाला. घरगुती पेटीकडून ती अपेक्षा ठेवू नये.

तक्रार आहे ती जोडकामाबद्दल. झाकणाभोवतीची रबरी पट्टी दुसऱ्याच उन्हाळ्यात कडक होऊन सुटली, उष्णता निसटू लागली आणि डाळ अर्धवट शिजू लागली. विकणाऱ्या दुकानदाराने सुटी पट्टी मिळत नसल्याचे सांगून नवा कुकर दाखवला. शेवटी हार्डवेअरच्या दुकानातून उष्णता सोसणारी पट्टी आणून काम भागवले. घेताना पट्टी, बिजागरी आणि जादा डबे सुटे मिळतील का, हे आधी विचारावे, आणि गच्चीवर नऊ ते दोन सलग ऊन येत नसेल, तर हा कुकर घेऊच नये.