फोनचं सॉकेट: आरजे-११ घ्यावं की आरजे-४५?

रिडेव्हलपमेंटमधल्या नव्या फ्लॅटचा ताबा मिळाला किंवा जुन्या घराचं रिनोव्हेशन निघालं, की इलेक्ट्रिशियन विचारतोच, "टेलिफोनचे पॉइंट कुठे कुठे देऊ?" उत्तर प्लास्टरच्या आधी ठरवा. सॉकेट पुढे केव्हाही बदलता येतं, वायर बदलायला भिंत फोडावी लागते.

आरजे-११ हा लँडलाइनचा नेहमीचा छोटा प्लग. खाचा सहा, पण एका लाइनला मधल्या दोनच तारा पुरतात. त्याच प्लगात चार तारांवर दोन लाइन घेतल्या की आरजे-१४, सहा तारांवर तीन घेतल्या की आरजे-२५. तिन्ही बाहेरून एकसारखेच. लॅमिंग्टन रोडला आरजे-११ मागितलं आणि चार सोनेरी पिनांचा प्लग हातात आला, तरी बिनधास्त घ्या, एका लाइनला तो चालतो. रिसीव्हरच्या गुंडाळी वायरचा प्लग मात्र याहून बारीक असतो, तो भिंतीत लागत नाही.

आरजे-४५ हा नेटच्या वायरीचा मोठा प्लग. त्याला आठ पिना, म्हणजे तारांच्या चार जोड्या. इथे खरी सोय आहे. त्याच्या मधल्या चौथ्या-पाचव्या पिनेवर निळी जोडी येते आणि आरजे-११ प्लगाच्या मधल्या दोन तारा नेमक्या तिथेच टेकतात. त्यामुळे कॅट-६ची, म्हणजे नेटसाठीच्या आठ तारांची, एकच वायर आज फोनला आणि उद्या नेटला वापरता येते. फक्त छोटा प्लग थेट मोठ्या सॉकेटात खुपसू नका. त्याच्या प्लास्टिकच्या कडा पहिल्या आणि आठव्या पिनेवर दाबतात, पिना वाकतात आणि पुढे नेट जोडलं की ते अडखळतं. एका टोकाला आरजे-४५, दुसऱ्या टोकाला आरजे-११ अशी कॉर्ड करून घ्या.

आरजे-४५मध्ये रंगीत तारा कोणत्या क्रमाने लावायच्या, 'ए' जोडणी की 'बी', यावरून कारागीर वाद घालतात. फरक इतकाच, की केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल होते. निळी दोन्हीत जागच्या जागी राहते, म्हणून फोनला काहीच फरक पडत नाही. माझं मत 'बी', कारण इथले बहुतेक तंत्रज्ञ तीच करतात. मात्र घरभर एकच ठेवा.

सोसायटीचा इंटरकॉम वेगळा ठेवा. त्याला एक जोडी आणि साधं आरजे-११ पुरेसं आहे, तिथे कॅट-६वर पैसे घालू नका. सॉकेटवर 'गेट' असं लिहून ठेवा. तांब्याच्या चालू लाइनवर ४८ व्होल्ट डीसी असतात, घंटी वाजताना त्याहून बरंच जास्त एसी येतं. चुकून लॅपटॉपचं पोर्ट तिथे जोडलं जाऊ नये.

फायबर घेतलं असेल तर घरात येते ती काचेची तार, बहुधा हिरव्या एससी कनेक्टरची. ती फायबरच्या बॉक्सला (मोडेमला) जोडतात आणि फोन त्या बॉक्सच्या मागच्या आरजे-११ पोर्टातून निघतो. म्हणून सगळ्या खोल्यांच्या वायरी त्या बॉक्सपाशी स्वतंत्रपणे आणा. बिल्डर बरेचदा एकच वायर खोलीतून खोलीत फिरवतात. फोनला ते चालतं, नेटला नाही.

लंडनहून कोणी फोन आणला तर त्याचा प्लग वेगळाच असतो, खटका बाजूला. नुसता प्लग बदलून भागेलच असं नाही, कारण फोनकडच्या टोकालाही तारा मधल्याऐवजी बाहेरच्या पिनांवर असू शकतात. आधी ते तपासा.

तर हॉल, बेडरूम आणि अभ्यासाच्या टेबलापाशी कॅट-६ आणि आरजे-४५, दाराजवळ इंटरकॉमला आरजे-११. पिना सोन्याचा मुलामा दिलेल्या घ्या; खाऱ्या, दमट हवेत उघडं तांबं हिरवं पडतं आणि लाइनवर खरखर सुरू होते. वायर शुद्ध तांब्याची मागा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण सॉकेटात दाबताना तुटते. दुकानातच टोक खरवडून पाहा, आतून चंदेरी दिसलं तर परत करा.