रंकाळ्याजवळचा बोन्साय वर्ग: आधी झाड कळलं, मग कात्री

माझ्या नऊ वर्षांच्या उंबराच्या बोन्सायला, फांदीला आकार द्यायला गुंडाळलेल्या तारेचा वळ उठला आणि वळाच्या वरची फांदी सुजल्यासारखी जाड झाली. रोग समजून मी बुरशीनाशक मारत राहिले. रंकाळ्याजवळच्या एका रोपवाटिकेत दोन रविवारांचा वर्ग केला, तिथं पहिल्याच तासाला उलगडा झाला. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून, फ्लोएममधून, मुळांकडे उतरते. तार रुतली की ती वाट अडते आणि अन्न वरच साचतं. पाणी मात्र लाकडातल्या झायलेममधून चढत राहतं, म्हणून पानं टवटवीतच दिसतात. मॅडमनी जास्वंदीच्या काडीची साल सोलून खालचा बुळबुळीत कँबियमही, म्हणजे नव्या पेशी तयार करणारा पातळ थर, बोटाला लावून दाखवला.

शेंडा खुडल्यावर बाजूचे डोळे का फुटतात तेही कळलं. शेंड्यातलं ऑक्सिन हे वाढीचं संप्रेरक त्यांना दाबून ठेवतं.

मला सगळ्यात मोलाचा वाटला तो मातीचा भाग. मुळांनाही हवा लागते. आपली काळी माती उथळ कुंडीत पावसाळ्यात गच्च बसते, माझी दोन झाडं त्यानंच कुजली. आता चाळलेले विटांचे तुकडे, जाड वाळू आणि थोडं शेणखत.

प्रकाशसंश्लेषण घाईत उरकलं, आणि पंधराजणांत सूक्ष्मदर्शक एकच. फी बाराशे, चहासकट. प्रश्न कितीही विचारा, मॅडम कंटाळत नाहीत.

उंबराची तार त्याच संध्याकाळी तुकडे करून कापून काढली. उलगडत बसलं तर साल निघते.